स्तूप कुठं पळून जातो?

पुण्याहून झेलमनं भोपाळला उतरलो की ताईचे यजमान मला न्यायला स्टेशनवर आलेले असतात. म्हणजे स्टेशनवर आलेले असतात हे नक्की, मला न्यायलाच आलेत हे छातीठोकपणे सांगता येत नाही. गाडी फलाटाला लागते. माझा डबा शेपटाकडं. दोन बॅगा, बाकरवडीचे पुडे आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा सांभाळत मी खाली उतरतो. कुणी नाही. पाच मिनिटं जातात, सात जातात. मग पार इंजिनाच्या टोकाकडून एक मध्यम उंचीचा माणूस रमतगमत येताना दिसतो. एका हाताला थोरला, दुसऱ्या हाताला धाकटी, आणि तिघांच्याही तोंडावर नुकतंच देवदर्शन झाल्याचं समाधान. मला वाटतं, आता म्हणतील, प्रवास कसा झाला. भाऊजी म्हणतात, "इटारसीला किती वाजता टच झाली?"

"झोपलो होतो, भाऊजी."

"झोपला होतात? म्हणजे बुदनी-बरखेडा घाटपण झोपेतच?"

"नर्मदा तरी पाहिलीस का रे मामा?" थोरला विचारतो. तो सहा वर्षांचा आहे. मी मान खाली घालतो. धाकटी चार वर्षांची, तिला माझी दया येते. माझं बोट धरून ती म्हणते, "मामा, तुझं इंजिन गाजियाबादचं होतं," आणि मला एवढं मोठं सुख न कळता मिळून गेलं याचं तिलाच वाईट वाटतं.

भाऊजी भेलमध्ये आहेत. लग्न ठरलं तेव्हा पुण्यातल्या आमच्या एका मावशीनं "अगंबाई, गाडी कुठं लावतात?" असं विचारलं होतं. भोपाळात भेल म्हणजे ती भेळ नव्हे, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा अवाढव्य कारखाना, हे तिला समजावून सांगायला एक संध्याकाळ गेली. या कारखान्यात रेल्वेच्या विजेच्या इंजिनांसाठी ट्रॅक्शन मोटारी बनतात. तेवढ्या धाग्यावर भाऊजींनी देशातल्या तमाम इंजिनांशी सोयरीक जुळवली आहे. कुठलंही इंजिन समोरून गेलं की ते हलक्या आवाजात म्हणतात, "आपली मोटर." स्वतः ते हिशेब खात्यात बसतात आणि मोटर उघडी केलेली त्यांनी दोनदाच पाहिली आहे, त्यातली एकदा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. पण मुलीकडच्यांनी कुठं एवढं बघायचं असतं?

घरात त्यांना सगळे 'कंट्रोल' म्हणतात. रेल्वेत कुठली गाडी पुढं सोडायची आणि कुठली बाजूला घ्यायची हे जिथून ठरतं ते कंट्रोल. घरात मात्र त्यांच्या हातात यातलं काहीच नाही, ते सगळं ताईकडं आहे. यांच्याकडं फक्त भाषा आहे. न्हाणीघराचं दार बंद असलं की "मी आउटरला उभा आहे" अशी आरोळी येते. पाहुण्यांमुळे जेवायला उशीर झाला तर "आम्हाला लूपला घेतलंय". भाजी वेळेवर तयार असली तर "राइट टाइम!". धाकटीनं एकदा पाहुण्यांसमोर आजीला विचारलं होतं, "आजी, तू कधी सुटणार?" आजी घाबरलीच. मग कळलं की आजीची नागपूरची गाडी किती वाजता सुटणार, असं तिला विचारायचं होतं.

नागपूर त्यांचं मूळ गाव. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आणि भोपाळ राजधानी झाली. तेव्हा सरकारी फायलींबरोबर कितीतरी मराठी घरं इकडं आली, त्यात भाऊजींचे आजोबा. भिंतीवर त्यांचा काळी टोपी घातलेला फोटो आहे. पणजोबा कुठल्या खात्यात होते, काय हुद्दा होता, मुलांना काही ठाऊक नाही. पण पणजोबा जी. टी. एक्स्प्रेसनं आले हे दोघांना पाठ आहे.

भाऊजींचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे "मुलांना आवडतं म्हणून." रविवारी सकाळी पोहे-जिलबी आणायला निघालेला माणूस पोहे गार करून दहा वाजता परत येतो: "मुलांना आवडतं म्हणून जरा स्टेशनवर गेलो." हबीबगंजला वंदे भारत कुठून दिसते, फलाटाचं कुठलं टोक बरं, हे त्यांना मुलांसाठी पाहून ठेवावं लागतं. (हबीबगंजचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झालं. भाऊजींच्या जिभेवर अजून जुनंच आहे. थोरला प्रत्येक वेळी दुरुस्त करतो, भाऊजी प्रत्येक वेळी "तेच ते" म्हणतात.) ऐशबागचा तो नव्वद अंशांत वळणारा पूल २०२५ साली देशभर गाजला, लोकांनी हसून हसून घेतलं. भाऊजींना मात्र त्या वळणाचं काहीच वाटलं नाही. त्यांचं दुःख वेगळं होतं. "फाटक गेलं हो तिथलं! मुलांना आवडायचं."

या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, त्याला पुरावा आहे. १७ जून २०१५ ला इटारसीच्या रूट रिले इंटरलॉकिंग केबिनला आग लागली. सिग्नलची सगळी यंत्रणा जळाली आणि पुढं महिनाभर शेकडो गाड्या रद्द होत राहिल्या. त्या महिन्यात भाऊजींच्या घरात सुतक होतं. ताई सांगते, माणूस जेवताना मध्येच हात थांबवायचा आणि म्हणायचा, "केवढं जंक्शन!" तेव्हा मुलं झालीच नव्हती.

त्याही आधीची गोष्ट आहे. लग्नानंतर दोघं पचमढीला गेली होती. परतीच्या वाटेवर इटारसीला आली. इटारसी ते भोपाळ ब्याण्णव किलोमीटर, कुठल्याही मेल-एक्स्प्रेसनं दीड-दोन तास. भाऊजी म्हणाले, "विंध्याचलनं जाऊ. थेट भोपाळ." ताई पुण्याची, तिला काय माहीत? विंध्याचल एक्स्प्रेस इटारसीहून सुटून भोपाळलाच जाते हे खरं आहे. पण ती आधी जबलपूरला जाते, मग कटनी, दमोह, सागर, बिना असा अख्ख्या विंध्याला वळसा घालून सातशेहून जास्त किलोमीटरनं भोपाळला पोचते. जबलपूर आलं तेव्हा ताईनं विचारलं, "हे भोपाळच्या अलीकडं येतं का?" भाऊजी म्हणाले, "एका अर्थी." घरी पोचेपर्यंत दिवस बदलला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, आजही काही बिनसलं की ताई एवढंच म्हणते, "मी जबलपूरलाच उतरायला हवं होतं."

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. भोपाळच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या या पोरांना मराठी जे काही वाचता-मोजता येतं ते या नादानं आलेलं आहे. थोरल्याला पहिला लांबलचक शब्द वाचता आला तो 'तुग़लकाबाद', इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव असतं तो. नंतर भुसावळ, कल्याण, अजनी. अजनीचं इंजिन आलं की आजीला फोन जातो, कारण अजनी म्हणजे नागपूर, म्हणजे आजीकडचं. आकडे मालगाडीच्या वाघिणींवर शिकले. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे कळल्यापासून तर धाकटी कोळशाची गाडी आली की आधी आईच्या मागं लपते आणि तिथून मोजते. हिंदी शाळासोबत्यांत वाढलेली पोरं 'उनसठ'च्या जागी 'एकोणसाठ' म्हणतात, हे ऐकून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

फक्त एकच अडचण आहे. कोळशाच्या रेकला साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात, शेवटी गार्डचा डबा. त्यामुळे या दोघांचे आकडे तिथंच संपतात. "सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, गार्ड!" साठ म्हणून काही असतं हे त्यांना मान्य नाही. मागं एकदा दोन रेक एकमेकांना जोडलेली लांबलचक मालगाडी आली. एकोणसाठ झाले आणि गार्ड येईना. वाघिणीमागून वाघीण, वाघिणीमागून वाघीण. थोरल्याचा चेहरा कसनुसा झाला. गार्ड हरवला, म्हणून तो मोठ्यानं रडायला लागला.

तर सांचीची गोष्ट.

ताई शाळेत इतिहास शिकवते. दर वर्षी फळ्यावर सांचीच्या स्तूपाची आकृती काढते, आणि स्तूप भोपाळपासून जेमतेम पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटरवर. लग्नानंतर ती दोनदा सांचीला गेली, दोन्ही वेळा गाडीनं, दोन्ही वेळा स्टेशनवरून परत आली. पहिल्यांदा भाऊजी म्हणाले, अर्ध्या तासात पंजाब मेल जाईल, ती बघून वर चढू. मग मालगाडी आली, मग ऊन चढलं, मग धाकटीला भूक लागली. दुसऱ्यांदा पाऊस होता. दोन्ही वेळा भाऊजींचा युक्तिवाद एकच, आणि त्यात खोट काढणं कठीण आहे: "अगं, स्तूप दोन हजार वर्षं तिथंच आहे. स्तूप कुठं पळून जातो? गाडी मात्र गेली की गेली."

गेल्या दिवाळीत मी होतो, म्हणून ताईनं तिसरा डाव मांडला. आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं गोड लोणचं, मुलांना गूळपोळी. मी म्हटलं, भाड्याची गाडी करू, तासाभरात पोचू. चौघंही माझ्याकडं पाहत राहिली. ताईसुद्धा.

तिकिटांचा एक विधी आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की बारापर्यंत अर्धं तिकीट लागतं. थोरल्याच्या पाचव्या वाढदिवशी भाऊजींनी त्याला कडेवर घेऊन बुकिंगच्या खिडकीशी नेलं आणि आयुष्यातलं पहिलं अर्धं तिकीट त्याच्या हातानं काढवलं. मुंज व्हायची तेव्हा होईल, पोरगा त्या दिवशी माणसांत आला. तेव्हापासून डब्यात कुणीही काळा कोट घातलेला दिसला की तो उभा राहून सांगतो, "माझं हाफ आहे. हिचं फुकट आहे." धाकटीला हा अपमान सहन होत नाही, आणि तिकीट तपासनीस पुढच्या डब्यात जाईपर्यंत तिचं रडणं चालतं.

सगळीकडं थांबणारी सकाळची गाडी होती. दुसरा नियम असा की गाडी हलल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गाडी हलली, निशातपुऱ्याच्या आतच पुऱ्या निम्म्या झाल्या. रुळाच्या कडेला 'सी/फा' अशी पिवळी पाटी दिसली की दोन्ही मुलं तोंडानं शिट्टी वाजवायची, कारण सी म्हणजे सीटी आणि फा म्हणजे फाटक. इंजिन ड्रायव्हर वाजवायचा ती वेगळी. समोरच्या बाकावर पेरूची टोपली घेऊन बसलेला एक म्हातारा हे सगळं दोन पाट्या बघत राहिला. तिसऱ्या पाटीला त्यानंही वाजवली.

दीवानगंज गेलं तसे भाऊजी उठून उभे राहिले. "चला, तयार राहा. आता कर्क रेखा."

दीवानगंज आणि सलामतपूरच्या मधून कर्कवृत्त जातं. तिकडं रस्त्यावर तशी खूणही आहे. मुलं खिडकीच्या गजांना चिकटली. "कुठाय? कुठाय?"

"दिसत नाही ती. नकाशावर असते," ताई म्हणाली. मग तिच्यातली बाई जागी झाली. जूनमध्ये सूर्य इथं बरोब्बर डोक्यावर येतो, त्याच्या वर उत्तरेला कधीच जात नाही, इथूनच माघारी फिरतो, वगैरे तिनं नीट समजावलं.

थोरल्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सूर्य इथं रिव्हर्सल घेतो?"

"हो, तसंच."

"आणि रेखा म्हणजे लाइन ना?"

"हो."

"अप लाइन की डाउन लाइन?"

ताईनं भाऊजींकडं पाहिलं. भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

सांचीला उतरलो. टेकडी स्टेशनाला अगदी लगटून आहे, डोकं वर केलं की झाडांच्या वर घुमट दिसतो. ताईनं पदर खोचला. "चला."

"एक मिनिट," भाऊजी म्हणाले.

मी घड्याळ लावून सांगतो, ते मिनिट दोन तास दहा मिनिटांचं होतं. फलाटाच्या टोकाला एक बाक आहे, त्यावर त्यांनी चादर अंथरली. म्हणजे चादर त्यांनी घरूनच आणली होती. स्तूपाला चादर कशाला लागते? एक मालगाडी वर गेली, एक खाली आली. "लोडेड चाललीय, आवाज ऐका, एम्प्टी खडखडते." मध्ये त्यांनी मला इतिहासही सांगितला. "१९१२ साली दोन गोष्टी झाल्या, साहेब. सर जॉन मार्शलनं इथं स्तूपाच्या दुरुस्तीचं काम काढलं आणि पंजाब मेल सुरू झाली. मार्शलचं काम सात वर्षांत उरकलं. मेल अजून चालू आहे." मग शताब्दीला शताब्दी का म्हणतात: १९८८ साली पहिली धावली ती दिल्ली-झाशी, नेहरूंच्या जन्मशताब्दीवरून नाव पडलं, आणि पुढं ती भोपाळपर्यंत आली, "म्हणजे आपल्यापर्यंत". बोलता बोलता ते थांबले. त्यांना काही ऐकू आलं होतं. मला काही येत नव्हतं. रूळ आधी गुणगुणतात म्हणे.

ती गाडी थांबणारी नव्हती. पिवळ्या रेषेमागं भाऊजींनी दोघांना एकेका हातानं गच्च धरलं. धूळ उठली, चादर उडाली, शेंगांची टरफलं उडाली, माझी टोपी गेली. डबे म्हणजे नुसता निळा पट्टा. आणि मग एकदम शांत. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हात हलवायचा तो गार्डच हलवतात. त्यानं हिरवी झेंडी धरलेला हात जरा जास्त वर केला. नुसत्या त्या तेवढ्यासाठी मुलं नंतर कितीतरी वेळ बोलली नाहीत. मी भाऊजींकडं पाहिलं. त्यांचाही हात वरच होता, खाली घ्यायचा राहून गेला होता.

"झालं?" ताई म्हणाली.

"झालं. पण आता दुपारी शताब्दी..."

"कंट्रोल," ताई म्हणाली, "मला थ्रू सिग्नल हवाय."

भाऊजी निमूट उठले. चादरीची घडी घातली.

पायऱ्या चढताना मुलं मोजत होती. एकोणसाठावी पायरी आली, दोघांनी एकदम "गार्ड!" म्हटलं आणि तिथंच फतकल मारली. त्यांच्या हिशेबानं टेकडी संपली होती. उरलेली टेकडी धाकटी माझ्या खांद्यावर आणि थोरला भाऊजींच्या पाठीवर चढला. वर पोचल्यावर ताई आमच्यासाठी थांबली नाही. दक्षिणेच्या तोरणापाशी गेली आणि मान वर करून कितीतरी वेळ उभी राहिली. सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुख्यानं आपलं नाव त्या तोरणावर कोरून ठेवलं आहे, आनंद. सातवाहनांचं पैठण आपल्याकडचं, म्हणून शाळेत हा धडा ती जरा जास्त वेळ घेते असं तिनंच मला सांगितलं होतं. मग तिनं एकटीनं प्रदक्षिणा घातली. सावकाश, हात कठड्याच्या दगडावरून फिरवत. तिसऱ्या प्रदक्षिणेला ती काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नसावं. सनावळी असावी.

उत्तर तोरणाच्या माथ्यावर अर्धं फुटलेलं धर्मचक्र आहे. धाकटी त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "बाबा, वाफेच्या इंजिनाचं चाक." भाऊजी "हं" म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते टेकडीच्या कडेला गेले होते. तिथून खाली शेतांच्या मधून जाणारी लाइन दिसते, लांबपर्यंत. "अहो मेहुणे," त्यांनी मला हाक मारली, आवाज अगदी कापत होता, "इकडं या. इतकी वर्षं मी खालून बघत बसलो!"

ताईला एकच फोटो हवा होता. सगळे जण, मागं स्तूप. सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही ग्रुपांवर पाठवायला. पण भाऊजींच्या फोनची बॅटरी खालच्या फलाटावरच संपली होती, आणि माझा फोन रात्री मुलांनी इंजिनांचे व्हिडिओ बघून निकामी केला होता. ताईच्या फोनमध्ये गाडी कुठं पोचली ते बघायचं ॲप सकाळपासून चालू होतं, तोही गेला. तीन फोन, एकही जिवंत नाही. ताई काही बोलली नाही. जबलपूरचं नावसुद्धा काढलं नाही, त्यामुळे भाऊजी जास्त घाबरले.

रात्री घरी फोन चार्ज झाल्यावर त्यांनी दिवसभराचे फोटो काढून पाहिले. दोनशे अकरा होते. दोनशे दहा इंजिनांचे, डब्यांचे, सिग्नलचे आणि पिवळ्या पाटीसमोर उभ्या मुलांचे. एक मात्र वेगळा होता: फलाटावर ताई उभी आहे, पदर खोचलेला, तोंड "चला" म्हणताना उघडं, मागून मालगाडी जातेय, आणि दोन वाघिणींच्या मधल्या फटीतून, झाडांच्या वर, लिंबाएवढा घुमट.

तो त्यांनी दोन्ही ग्रुपांवर टाकला. खाली लिहिलं: "सांची. लोडेड कोळसा रेक, अठ्ठावन्न अधिक गार्ड. सौ. डावीकडे. मागे स्तूपही आला आहे."